चातुर्मासातला लसूण

कात्रजच्या बाजूचं गाव महापालिकेत गेलं, पण हिंदुराव काही गेले नाहीत. चारी बाजूंनी सोसायट्या उठल्या तरी मधोमध त्यांचा गोठा तसाच राहिला. फ्लॅटवाल्यांना दूध घट्ट हवं असे आणि शेणाचा वास मात्र नको असे. कुणी तक्रार घेऊन आलं की हिंदुराव म्हणत, "म्हशीला सांगून बघा, माझं काय ऐकत न्हाय ती."

दुधात कधी पाणी घातलं नाही आणि तोंडातून खोटं काढलं नाही, याचा त्यांना भारी ताठा. बायकोला, विजयमालाबाईंना, त्याहून जास्त. बाकी मिरवण्यासारखं होतंच काय? पोट सुटलेलं, साखर वाढलेली, रक्तदाब चढलेला. शेवटी हृदयात स्टेंट बसवावा लागला. तेव्हापासून जेवण झालं की विजयमालाबाई डॉक्टरांच्या गोळ्या स्वतः त्यांच्या तळहातावर ठेवत आणि गिळेपर्यंत समोरून हलत नसत.

अशात जावई डबी घेऊन आला. पुष्कर नोकरीला आयटीत, पण सुट्टीच्या दिवशी नातेवाइकांना आरोग्य विकायचा. "बाबा, हे सेलेनियम. हार्टसाठी बेस्ट आहे, शुगर पण कंट्रोलमध्ये येते. टोटली नॅचरल."

जावयानं आणलेलं परत करायची त्या घरात रीत नव्हती. पण हिंदुराव खूश झाले ते वेगळ्याच कारणानं. हे नाव त्यांच्या ओळखीचं निघालं! व्यायल्यावर म्हशीची वार अडकायची तेव्हा जनावरांच्या डॉक्टरनं हेच तर टोचायला सांगितलं होतं. "म्हशीला लागू पडलं, मला का न्हाय पडणार?" ते म्हणाले. मग गोळीकडे ते औषध म्हणून नव्हे, खुराक म्हणून बघू लागले. खुराक तब्येत बघून वाढवतात. त्यांनीही वाढवला, आणि पुष्कर आनंदानं नव्या डब्या पोचवत राहिला.

चातुर्मास लागला. हिंदुराव माळकरी, त्या दिवसांत कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नसे. आणि एका सकाळी चहाचा कप देताना विजयमालाबाईंना नवऱ्याच्या तोंडाला लसणाचा वास आला. दुसऱ्या दिवशीही आला. चूळ भरली, बडीशेप खाल्ली, तरी वास जाईना.

"कुठं खाऊन येता हो? माळ काढून ठेवता का तेवढ्यापुरती?"

"माळेची आण, लसणाला शिवलोसुदिक न्हाय."

आण खोटी घेतली, याचंच विजयमालाबाईंना जास्त लागलं. ज्या एका गोष्टीवर उभा जन्म मान ताठ ठेवली, तीच या माणसानं चटणीपायी विकली म्हणायची! त्या दिवसापासून त्यांनी गोळ्या हातावर ठेवणं बंद केलं. "चोरून खाता येतं, तर गोळ्याही घेता येतील," म्हणाल्या. हिंदुरावही हट्टाला पेटले. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तशीही त्यांच्या पोटात आग पडायची. त्यांनी त्या सोडून दिल्या आणि जावयाचा खुराक तेवढा चालू ठेवला.

नखं तुटायला लागली, केस गळायला लागले, तेव्हा दोघं दवाखान्यात गेली. तपासता तपासता डॉक्टरांनी नाक मुरडलं. "आजोबा, लसूण फार खाता का?"

हिंदुराव तोंड उघडणार, तेवढ्यात विजयमालाबाईच बोलल्या, "चातुर्मासात खातात हो, चोरून! वर माळेची आण घेतात."

डॉक्टर हसले, कंपाउंडर हसला. आणखी काही घेता का, हा प्रश्न त्या हसण्यात राहूनच गेला. हिंदुरावांनी सदऱ्याची बटणं लावली.

दिवाळीच्या आत छातीत कळ आली. रिक्षात त्यांनी बायकोचा हात धरला. "माले, खरंच न्हाय खाल्ला गं."

"बरं, बरं. बोलू नका आता," त्या म्हणाल्या. म्हणजे विश्वास नव्हताच.

मोठ्या हॉस्पिटलात सगळं आटोपल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय काय घेत होते. विजयमालाबाईंनी पिशवीतून डबी काढून दिली. बाईंनी ती उलटून पाहिली. "रोज किती? बाप रे. आजी, याची कमी नसलेल्या माणसाला हे देऊन हृदय सुधारतं असा पुरावा नाही. साखरेलाही उपयोग नाही, उलट वाढू शकते. जास्त झालं की नखं जातात, केस जातात, तोंडाला लसणासारखा वास येतो. आणि स्टेंटनंतरच्या गोळ्या मध्येच सोडायच्या नसतात, त्या कुणी बंद केल्या?"

विजयमालाबाईंनी उलट विचारलं, "म्हणजे लसूण खाल्ला नव्हता यांनी?"

"लसूण?" बाई गोंधळल्या. "नाही, तो वास या गोळ्यांचाच."

दाराशी उभा असलेला पुष्कर खिशातला मोबाईल उगाचच काढून बघू लागला.

विजयमालाबाई आत गेल्या. तोंडावरची चादर बाजूला करून नवऱ्याच्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही न्हाय खाल्ला."

हिंदुरावांना ते ठाऊकच होतं.