पंपाच्या आवाजाआड

आमच्या शाळेत आवई होती की समुपदेशक बाईंच्या पोटात काही राहत नाही. सकाळी त्यांच्यापाशी रडावं, तर मधल्या सुट्टीपर्यंत हेडसरांना सगळं तोंडपाठ. साफ खोटं! बाईंचं पोट पक्कं होतं. कच्ची होती ती भिंत. त्यांची खोली हेडसरांच्या खोलीला लागून, मध्ये नुसतं प्लायवूड. पलीकडे सर शिंकले की अलीकडे बाई रुमाल शोधायच्या.

हे लक्षात येताच बाईंनी दुसरी खोली मागितली.

"हे बघा, म्हणजे काय आहे की, जागाच नाही," सर म्हणाले. (सरांचा हा आवाज मी झोपेतही हुबेहूब काढते.)

"मग खेळाच्या सामानाची द्या."

फुसके बॉल आणि मोज्यांचा वास, पण तिथे शिरणारा बॉल न्यायला आलाय की रडायला, कुणाला कळणार? पुढे सरांनी त्यांच्यावर मस्तीखोरांना शिक्षा करायचं काम ढकलून पाहिलं. "आज ओरडू आणि उद्या म्हणू, ये बाळा, मन मोकळं कर? नाही जमायचं, सर."

माझा मावसभाऊ मात्र बाईंकडे जायला तयार होईना. रोज शाळेच्या फाटकापर्यंत येऊन परत फिरायचा, आणि का ते मावशीलाही सांगत नव्हता. "बाईंना सांगेन गं, पण त्यांनी फोडलं तर?"

मी थेट बाईंना गाठलं. "शनिवारच्या आत तुमच्याकडून कुणाची तरी एक गोष्ट काढून दाखवते. पैज?"

"लाव. हरलीस तर सगळ्या बॉलांत हवा भरायची."

दुसऱ्या दिवशी भावाला त्यांच्या दाराबाहेर उभं केलं आणि घसा खाकरला. "मॅडम, हे बघा, म्हणजे काय आहे की, ती आठवीतली मुलगी काल का रडत होती?"

"तिला विचारते, सर. ती हो म्हणाली तर सांगते."

"अहो, मी हेडसर आहे!"

"म्हणून तर तिला विचारते म्हटलं. दुसऱ्या कुणाला एवढंही म्हटलं नसतं."

भावानं सरळ दार ढकललं. बाईंनी आधी त्याला पाहिलं, मग मला. "अगं बाई, तू होय!" पोटभर हसून त्यांनी पंप माझ्या हातात दिला. "दाराबाहेर बस. आणि थांबू नकोस."

आत भाऊ बोलायला लागला. बाहेर मी फुस्स-फुस्स. अख्ख्या शाळेत माझे कान तिखट, पण त्या आवाजात एक अक्षर कळेल तर शपथ. बॉल संपले तरी त्याचं बोलणं संपलं नव्हतं. मग मी एका बॉलातली हवा सोडली आणि पुन्हा भरायला घेतली.