सौद्यातून उठताना

फ्रान्समधल्या त्या घराचा फोटो मुलीने पाठवला, तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही की, यात माणूस का नाही?

दगडी भिंती होत्या, फिक्या निळ्या रंगाच्या लाकडी झडपा होत्या, अंगणात अक्रोडाचं मोठं झाड होतं. माणूस मात्र कुठेच नाही. रस्त्यावर नाही, शेजारच्या खिडकीत नाही, लांब शेतातसुद्धा नाही. मी लगेच फोन करून विचारलं, "गाव ओसाड पडलंय का?"

"आई, इट्स अ व्हिलेज. पीपल आर इनसाइड," ती म्हणाली.

सगळेच्या सगळे घरात बसलेत, हेही मला काही ठीक वाटलं नाही.

माझा स्वभावच तसा आहे, आणि त्याचा मला पगार मिळतो. शारजातल्या एका ट्रेडिंग कंपनीत मी परचेस बघते. सप्लायर जास्त गोड बोलायला लागला की मी त्याचं कोटेशन पुन्हा पहिल्यापासून वाचते. नवऱ्याचं बरोबर उलटं. सकाळी सगळं शारजा दुबईच्या दिशेने ट्रॅफिकमध्ये अडकलेलं असतं तेव्हा हा उलट्या दिशेला, उम्म अल कुवैनला जातो. तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या वर्कशॉपचा तो मॅनेजर आहे. कोणी काही सांगितलं की त्याला ते आधी खरंच वाटतं. कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो, म्हणून आमचं अरे-तुरे. तेव्हापासून त्याने विश्वास ठेवायचा आणि मी शंका काढायची, अशी आमची वाटणी झालेली आहे.

तो लवकरच निवृत्त होणार होता. माझीही नोकरी आता फार लांबणार नव्हती. इथे नोकरी संपली की पुढे कुठे, हा प्रश्न प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी जेवणाच्या टेबलावर येऊन बसतो. पुण्यात आम्ही एक फ्लॅट घेऊन ठेवलाय, पण तिथे आता आमची वाट बघणारं कोणी उरलेलं नाही. मुलगी शिकायला म्हणून फ्रान्सला गेली ती तिथलीच झाली. नवरा तिथला, नोकरी तिथली, आणि आता एक चिमुरडी नात. नात मला फोनवर 'आजी' म्हणते आणि पुढच्या क्षणी फोन उशीखाली ठेवून निघून जाते. नवऱ्याचं म्हणणं एवढंच होतं, की आयुष्यभर भाड्याच्या घरात राहिलो, आता राहायला जे एक घर घ्यायचं ते तिच्याजवळ घ्यायचं. तिथे राहायचा व्हिसा वर्षावर्षाला नवा करावा लागेल, पण त्याचं आम्हाला काय मोठं? आम्ही जन्मभर दुसरं केलंय काय.

मुलगी राहते त्या छोट्या शहरापासून गाडीने थोडंसं आत गेलं की ते गाव. एक म्हातारी बाई स्वतःच आपलं घर विकत होती, मध्ये एजंट नाही. मुलीला हे गावातल्या बेकरीत कळलं होतं. किंमत नव्वद हजार युरो. नवऱ्याने सवयीने मोठ्याने हिशेब केला, "म्हणजे पावणेचार लाख दिरहम, म्हणजे धरून चाल नव्वद लाख रुपये. अंगण आणि झाडासकट."

"ठाण्यात एवढ्यात वन बीएचके येतो," मी म्हणाले. "मग हे स्वस्त का?"

"स्वस्त आहे तर तुला दुःख होतंय का?"

दुःख नाही, पण स्वस्त वस्तू मी कधीच सुखाने घेतलेली नाही.

इथे फ्लॅट बघायला गेलं की आमची एक पद्धत आहे. सगळे नळ एकदम सोडायचे, फ्लश ओढायचा, एसीची जाळी काढून आत डोकावायचं, आणि निघताना नातूरला, म्हणजे बिल्डिंगच्या रखवालदाराला, बाजूला घेऊन विचारायचं की आधीचे लोक का गेले. हे सगळं मी मुलीकडून फ्रान्समध्ये करून घेतलं. नळ झाले. एसी नव्हताच, त्याऐवजी चिमणी होती, तिच्यात तिने टॉर्च मारून बघितलं. नातूर मात्र कुठून आणायचा? मग मी तिला बेकरीवाल्याकडे पाठवलं. तो म्हणाला, घर चांगलं आहे, बाईही चांगली आहे.

"तिचा कोणी लागतो का तो?" मी विचारलं.

"आई, प्लीज. ही ओन्ली सेल्स ब्रेड."

पण माझी खरी झोप उडवली ती त्या बाईने. तिने स्वतःहून घराचे दोष सांगितले. मैल्याची टाकी आताच्या नियमांत बसत नाही. वरच्या खोलीच्या रंगात शिसं आहे. छपराच्या एका बाजूला पाच-सहा वर्षांत हात घालावा लागेल. मागच्या भिंतीला हिवाळ्यात ओल येते. माझ्या अख्ख्या नोकरीत असा विक्रेता मला भेटलेला नाही. मुलगी म्हणाली की तिथे यातलं बरंचसं कायद्यानेच सांगावं लागतं. तरी मी नवऱ्याला म्हटलं, जी बाई एवढं सांगते ती काय लपवत असेल याचा विचार कर. तो म्हणाला, "काही नसेल लपवत." त्याच्या या उत्तराने माझं आजवर कधी समाधान झालेलं नाही.

मग व्हिडिओ कॉल ठरला. शनिवारची सकाळ होती. आम्ही हॉलमध्ये सोफ्यावर बसलो आणि नवऱ्याने लॅपटॉप स्टुलावर ठेवला. का कोण जाणे, त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. मुलगी फोन हातात धरून घरभर फिरत होती आणि म्हातारी तिच्यापुढे चालत होती. बुटकी, पांढरे केस कानामागे खोचलेले, अंगात लोकरीचं जाकीट. जिना चढताना ती प्रत्येक पायरीवर थांबायची. गुडघे गेलेत, आता शहरात बहिणीकडे राहायला जाणार, असं तिने सांगितलं. मी मनात म्हटलं, सगळेच विकणारे बहिणीकडे जातात.

नवरा झडपांवर खूश होता. "बिजागऱ्या बघ, बिजागऱ्या. हाताने घडवल्यात," असं दोनदा म्हणाला. मी त्याला कोपराने ढोसलं, कारण आवडलेलं दाखवायची पाळी अजून आली नव्हती.

मग ते स्वयंपाकघरात गेले.

शारजातल्या माझ्या स्वयंपाकघराला एक खिडकी आहे, ती डक्टमध्ये उघडते. ती उघडली की चार मजल्यांच्या फोडण्यांचा वास येतो आणि समोर पाइप दिसतात. मी एकोणतीस वर्षं त्या पाइपांकडे बघत भांडी घासली. त्या घरात दगडाचं एक उथळ, रुंद सिंक होतं आणि त्याच्या बरोबर वर खिडकी. खिडकीत अक्रोडाचं झाड, आणि पानांतून आलेलं ऊन सिंकच्या कडेवर पडलेलं. बाजूला लाकडी टेबल, त्यावर सुरीचे वार. म्हातारीने सहज हाताने सिंकची कड पुसली. तिथे कुठे माझा मिसळणाचा डबा राहील, कुठे नात स्टूल ओढून उभी राहील, हे मला एका क्षणात दिसलं. मला ते स्वयंपाकघर हवं होतं. फार हवं होतं, आणि म्हणूनच मी चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू दिली नाही.

आता इथे आमचं जुनं ठरलेलं काम सांगायला हवं. सोनं असो, गालिचा असो, सोफा असो, आखातात आल्यापासून आम्ही प्रत्येक मोठी खरेदी एकाच रीतीने केली. नवरा बसतो, वस्तूवरून हात फिरवतो, कौतुक करतो. मी चुका काढते. मग मी उठते, म्हणते, "चला, नको आपल्याला," आणि दाराकडे चालायला लागते. नवरा कसनुसं तोंड करून, हिला नाही आवडत, असं म्हणतो आणि माझ्या मागे येतो. दारापर्यंत पोचायच्या आत हाक येते. "मॅडम, आइए ना, बैठिए. लास्ट कितना देंगी?" हाक आली नाही असं एकदाही झालेलं नाही. दुकानदारालाही माहीत असतं, आम्हालाही माहीत असतं. मुलगी लहान असताना या वेळी दुकानाबाहेर जाऊन उभी राहायची, तिला लाज वाटायची.

आदल्या दिवशी मी नवऱ्याला बजावलं होतं की हेच करायचं. तो म्हणाला होता, "तिथे असं चालत असेल का?" मी म्हटलं, "विकणारा सगळीकडे विकणाराच."

तर स्वयंपाकघर बघून झाल्यावर मी मागची भिंत पुन्हा दाखवायला सांगितली. ओल दिसत होती. मी म्हणाले, भिंत वाईट आहे, जिना उभा आहे, टाकीचा खर्च मोठा आहे, मला हे घर नको. आणि सोफ्यावरून उठले.

"आई, कम बॅक," मुलगी मराठी-इंग्रजीच्या मध्येच कुठेतरी कळवळून म्हणाली. "डोन्ट डू धिस हिअर."

मी लॅपटॉपच्या मागे, जिथून मी दिसणार नाही अशा जागी उभी राहिले आणि नवऱ्याला डोळ्याने खूण केली. त्याने ठरलेलं वाक्य म्हटलं, की काय करणार, हिला नाही आवडलं. मुलीने ओठ घट्ट मिटले आणि दोघांचंही बोलणं जसंच्या तसं फ्रेंचमध्ये सांगितलं. म्हातारीने मुलीच्या दंडावर हात ठेवला आणि मऊ आवाजात बरंच काहीतरी बोलली.

"काय म्हणतेय? किती कमी करतेय?" मी लॅपटॉपमागून विचारलं.

"नथिंग. शी सेज थँक यू फॉर लुकिंग," मुलगी म्हणाली, आणि कॉल संपला.

मी खुशीत चहा टाकला. नवऱ्याला सांगितलं, आता कोणी फोन करायचा नाही, तीच करेल. पहिला आठवडा मी निर्धास्त होते. दुसऱ्या आठवड्यात मला वाटायला लागलं की बाई आपल्याहून पोचलेली आहे, ताणून धरतेय. मुलीचा फोन आला की मी मुद्दाम नातीबद्दल विचारायची आणि घराचा विषय काढायची नाही. नवरा रोज वर्कशॉपमधून आला की नुसता माझ्याकडे बघायचा. एकदा म्हणाला, "मी करू का फोन?" मी म्हटलं, "खबरदार. पाच टक्के तरी सोडेल ती."

मग एका दुपारी मुलीने सांगितलं की म्हातारी तिला बाजारात भेटली होती. तिने शेजारच्या गावातल्या एका जोडप्याला शब्द दिला होता. पूर्ण किमतीला, एक युरोही कमी न करता.

"आपल्याला एकदा विचारायचं तरी," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "दुसरं गिऱ्हाईक आधीपासूनच असणार. मला तेव्हाच संशय आला होता."

मुलगी पहिल्यांदाच पूर्ण मराठीत बोलली. "नव्हतं, आई. तू उठून गेलीस तेव्हा ती काय म्हणाली ते मी रागाने तुला सांगितलं नाही, आणि नंतर तूही विषय काढला नाहीस. ती म्हणाली, हे घर माझ्या नवऱ्याने पसंत केलं होतं, मला कोणी विचारलं नव्हतं. सवय व्हायला मला खूप वर्षं लागली. तुझ्या आईला आवडलं नाही, मग तुझ्या बाबांना मी हे घर विकणार नाही. तुझ्या आईवर ती वेळ नको."

त्या बाईने किंमत कमी करायचा विचारसुद्धा केला नव्हता. तिने माझा विचार केला होता.

"तिला खरं सांग," मी म्हणाले. "सांग की मला फार आवडलं होतं. सांग, ही आमच्याकडची बोलायची पद्धत आहे, सौद्यात असं करतात. अजून सह्या झाल्या नसतील तर विचार तिला. आम्ही पूर्ण किंमत देतो."

मुलगी दुसऱ्या दिवशी गेली. परत आल्यावर तिने फोन केला तेव्हा मी स्पीकर लावला, नवरा शेजारी बसला होता. तिने सगळं नीट समजावून सांगितलं होतं. म्हातारीने शांतपणे ऐकून घेतलं, रागावली नाही, कॉफीही दिली. दिलेला शब्द फिरवणार नाही म्हणाली. आणि मग तिने मुलीला विचारलं, की मग तुझी आई खरं बोलते तेव्हा ते तुम्हाला घरी कसं कळतं?

फोन ठेवल्यावर आम्ही दोघं बसून राहिलो. खाली पार्किंगमध्ये कोणीतरी जागेवरून भांडत होतं, ते ऐकू येत होतं. मला रडायला येत होतं आणि नवऱ्यावर उगाच राग येत होता, की याने त्या दिवशी मला हात धरून खाली का बसवलं नाही. तेवढ्यात तो माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, राग नव्हता. त्याला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं.

"तुला आवडलं होतं ते घर?" त्याने विचारलं. "खरंच?"

"खूप आवडलं होतं," मी म्हणाले.

त्याने माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. मग "बरं" म्हणाला, आणि त्याला ते पटलं की नाही, हे मला कळलं नाही.