खऱ्या वाक्याची सायकल

जावा बेटावरच्या पारे गावात भाड्याच्या सायकलींची दुकानं चिकार आहेत, कारण पारेत इंग्रजी शिकायला येणारी पोरं चिकार आहेत, आणि एका क्लासातून दुसऱ्या क्लासात चालत जाईपर्यंत शिकलेलं अर्धं डोक्यातून गळून जातं. बाकीच्या दुकानांत ओळखपत्र दाखवलं की सायकल मिळते. म्बाह कासिरान, म्हणजे कासिरान आजोबा, यांच्या दुकानात ओळखपत्र कोणी बघत नाही. तिथे एक वाक्य बोलावं लागतं.

दाराशी, हवेच्या पंपाच्या वर, एक पाटी टांगलेली असते. तिच्यावर रोज सकाळी एक इंग्रजी शब्द. शब्द कधीच अवघड नसतो. 'ऑलवेज', 'बॉरो', 'इनफ' असले, ज्यांना आमचे क्लासवाले पहिल्या आठवड्यातच 'झालं' म्हणून टिक मारतात. रांगेत उभं राहायचं आणि आपली पाळी आली की तो शब्द घालून वाक्य बोलायचं. वाक्य बरोबर हवं आणि खरं हवं. चुकीचं पण खरं असेल तर म्बाह दुरुस्त करून घेतात आणि चांगली सायकल देतात. बरोबर पण खोटं असेल तर घंटा नसलेली देतात. चुकीचंही आणि खोटंही असेल तर चालत जा, तब्येतीला बरं असतं.

मी नगान्जुकच्या शाळेतून इंग्रजीत पहिला आलो होतो. वर्गात आम्ही किती जण होतो हे मी सहसा सांगत नाही. पहिल्या दिवशी पाटीवर 'हॅपी' होतं. मी छाती फुगवून म्हणालो, "आय ॲम व्हेरी हॅपी टू मीट यू."

म्बाह चाकाच्या तारा आवळत होते. वर न बघता म्हणाले, "आहेस का?"

तीन तास बसच्या मागच्या चाकावरच्या सीटवर बसून आलो होतो. खिडकीशेजारच्या बाईची कोंबडी मांडीवर होती, माझ्या. मी विचार केला आणि म्हणालो, "नाही."

"मग ती कोपऱ्यातली घे. घंटा नाहीये तिला. तोंडाने वाजव."

याला दोन वर्षं झाली. आता मी त्याच गल्लीत एका क्लासात शिकवतो, भिंतीवर माझं प्रमाणपत्र आहे, म्बाह मला 'मास्तर' म्हणतात. सायकल तीच आहे.

म्बाह स्वतः सहावी शिकलेले. साखर कारखान्यावर उसाच्या मोळ्या वाहायचे. खांदा निखळला तेव्हा तीन जुन्या सायकली घेऊन दुकान टाकलं. त्याच सुमारास गल्लीत पहिला इंग्रजीचा क्लास निघाला होता आणि त्या क्लासात पोरांना दुसरी भाषा बोलायला बंदी होती. बंदी म्हणजे गल्लीतसुद्धा. एक पोरगा उतारावरून सुसाट निघाला, तिकडे म्हैस बसलेली. म्बाह जावानीजमध्ये ओरडत राहिले. पोराला जावानीज कळत होतं, पण नियम मोडू नये म्हणून त्याने ऐकलं नाही. म्हशीला काही झालं नाही. पोराने मात्र प्लास्टरमधल्या हाताने म्बाहना 'स्लो' हा शब्द शिकवला. दुसऱ्या दिवशी दुसरं पोर उतारावर निघालं, म्बाह म्हणाले 'स्लो', आणि ते थांबलं.

तिथून त्यांची वही सुरू झाली. दुसरे दुकानदार वहीत सायकलींचा हिशेब लिहितात, म्बाहच्या वहीत शब्द आहेत. पण शब्द ऐकला आणि लिहिला असं नाही. तो शब्द, ज्याला त्याची गरज आहे अशा माणसाशी, खऱ्या वाक्यात बोलून झाला तरच वहीत जातो, आणि शेजारी त्या माणसाचं नाव. 'स्लो' पुढे आगुंग सेतिओ, म्हणजे उतारावरचं ते दुसरं पोर. 'इनफ' पुढे अंबोनचा योपी, ज्या वर्षी ज्वालामुखीची राख पडली त्या वर्षी म्बाहच्या छपरावर चढून राख लोटणारा. तो थांबेचना, तेव्हा म्बाहनी खालून सांगितलं होतं, 'इनफ, योपी, कम डाऊन.' 'सॉरी' पुढे लास्मी, म्हणजे त्यांची बायको.

"त्यांना तर इंग्रजी येत नाही," मी म्हटलं होतं.

"म्हणून तर आधी इंग्रजीत बोललो. तिने विचारलं, म्हणजे काय. मग आमच्या भाषेत सांगावं लागलं. ते जड गेलं."

वहीत चारशे बारा शब्द होते. माझ्या क्लासात पोरं तीन आठवड्यांत हजार पाठ करतात. मी एकदा हे म्बाहना गंमत म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "छान. त्यातले किती कुणाच्या कामी आले?" मी विषय बदलला.

आता त्या सोमवारचं सांगतो. पाटीवर 'अन्टिल' होतं. आमच्या भाषेत 'पोचणं' आणि 'पर्यंत' यांना एकच शब्द आहे, त्यामुळे आमचं पोर होस्टेलवर पोचलं की मित्राला कळवतं, 'आय ऑलरेडी अन्टिल'. म्बाह दर दोन महिन्यांनी हा शब्द लावतात आणि दर वेळी अर्धी गल्ली चालत क्लासला जाते. गंमत म्हणजे तो त्यांच्या स्वतःच्या वहीत नव्हता. वाक्यं शेकड्यांनी दुरुस्त केलेली, पण स्वतःला कधी लागला नाही म्हणायचे.

रांगेत माझ्यापुढे मिस्ना होती. बावेआन बेटावरची मुलगी. सिंगापूरच्या एका वृद्धाश्रमात काम मिळवायचं म्हणून सहा महिने पारेत होती. लिहायला हुशार, बोलायला लाजाळू. वर्गात प्रश्न विचारला की वहीच्या कोपऱ्याला दुमड घालत बसायची. पण सायकलीसाठी रोज बोलावंच लागायचं, त्यामुळे दिवसाचं एक वाक्य तरी नक्की. ती म्हणाली, "आय कॅन वेट अन्टिल फ्रायडे."

रांगेत टाळ्या पडल्या. त्या सकाळचं पहिलं बरोबर वाक्य होतं ते. मीही शिक्षक या नात्याने मान डोलावली. सुंदर वाक्य. शब्द जागच्या जागी.

म्बाहनी पंप खाली ठेवला. "शुक्रवारी काय आहे, पोरी?"

"काही नाही, म्बाह."

"मग वाक्य खोटं. घंटेवाली मिळायची नाही."

मिस्ना हँडल धरून उभी राहिली. मागून कोणीतरी म्हणालं, "म्बाह, आमचा तास चाललाय." म्बाह म्हणाले, "जाऊ दे की. पुढच्या वर्षी परत येईल." मिस्नाने हँडल सोडलं नाही. मला वाटलं आता ही घंटा नसलेली सायकल घेणार आणि माझी सुटका होणार.

"खरं आहे ते वाक्य," ती अखेर म्हणाली, आणि मग जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. तिच्या बापाने सहा महिने दिले होते. तो होडी चालवतो, एका वेळी एकाच पोराला शिकायला पाठवू शकतो, आणि आता धाकट्या भावाची पाळी. शुक्रवारी बाप न्यायला येणार. वृद्धाश्रमाने मुलाखत दोनदा पुढे ढकलली होती आणि आता ती त्यानंतरच्या मंगळवारी होती, फोनवर, चेहरा दिसेल अशी. बावेआनला फोन लागतो तो वाऱ्याच्या मर्जीने. चेहरा दिसणं दूरच.

"त्यांना सांगितलंस का?" मी विचारलं.

"कसं सांगू, दादा? मोठी माणसं आहेत. त्यांनी तारीख दिली." आमच्याकडे हे असं आहे. पाय दाराच्या फटीत सापडला तरी आधी दार लावणाऱ्याची अडचण होऊ नये हे बघायचं.

मी म्हटलं, हे माझ्यावर सोड. दुपारी बसून वृद्धाश्रमाला पत्र लिहिलं. चार परिच्छेद. पहिल्यात त्यांच्या कार्याचा गौरव, दुसऱ्यात आमच्या क्लासची ओळख, तिसऱ्यात हवामान. विनंती चौथ्यात होती, आणि आज वाचलं तर तिथेही नीट सापडत नाही. पाठवल्यावर लगेच उत्तर आलं की आपलं पत्र मिळालं, या पत्त्यावर उत्तर देऊ नये.

मंगळवारी सकाळी पाटीवर पुन्हा 'अन्टिल'च होतं. म्बाह कधीच एक शब्द दोन दिवस ठेवत नाहीत. मी पत्राची हकिकत सांगितली, ते चारही परिच्छेद वाचून दाखवले. म्बाहनी शांतपणे ऐकलं.

"हवामानाचं कशाला लिहिलंस?"

"सभ्यता म्हणून."

"पाऊस पडत होता?"

"नाही."

"नंबर आहे का त्यांचा?"

आलेल्या उत्तराच्या तळाशी होता. म्बाहनी हात साबणाने धुतले, दोनदा. उपड्या खोक्यावर बसले, मांडीवर वही उघडली. परदेशातल्या माणसाशी ते जन्मात बोलले नव्हते. त्यांचं इंग्रजी जितकं होतं तितकं सगळं त्या वहीत होतं, आणि त्यातला प्रत्येक शब्द कुणाच्या तरी हातून आलेला. मिस्ना दाराशी उभी राहिली. मी फोन लावून दिला आणि आवाज मोठा केला. खरं सांगायचं तर मी तयारीत होतो, म्बाह अडखळले की फोन ओढून घेण्याच्या.

पलीकडे एक बाई होती. ती भरभर बोलली. म्बाह म्हणाले, "स्लो."

बाई थांबली. मग सावकाश विचारलं, कोण बोलतंय.

पुढचं सगळं इंग्रजीत झालं. "माझं नाव कासिरान," ते म्हणाले. "मी सायकली देतो."

"आम्हाला सायकली नकोत."

"हो. तुम्हाला मिस्ना हवी आहे. तिची मुलाखत मंगळवारी आहे. ती इथे आहे शुक्रवारपर्यंत. मंगळवार शुक्रवारनंतर येतो."

माझ्या चार परिच्छेदांत जे मावलं नव्हतं ते एवढंच होतं. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. बाईने विचारलं, तुम्ही तिचे शिक्षक का?

"नाही. शिक्षक शेजारी बसलाय. तो आज ऐकतो." मिस्नाने तोंडावर ओढणी धरली. "मी तिला एकशे चाळीस सकाळी ऐकलं आहे. ती खोटं बोलत नाही. कधीकधी चुकते."

"आमच्याकडे सगळी म्हातारी माणसं आहेत," बाई म्हणाली. "त्यांच्याशी ती कशी वागेल?"

म्बाहनी वहीकडे बघितलं. पानं उलटली नाहीत. "मी म्हातारा आहे," ते म्हणाले. "माझा खांदा वाईट आहे. पंप मारताना दुखतो. ती रोज सायकल परत आणते तेव्हा चाकांत हवा भरलेली असते. मी तिला कधी भरायला सांगितलं नाही."

मला हे माहीत नव्हतं. मिस्नाकडे बघितलं तर कळलं, तिला वाटत होतं की हे कुणालाच माहीत नाही. बाईने थांबायला सांगितलं, फोनमध्ये पियानो वाजू लागला, म्बाह तो लक्ष देऊन ऐकत बसले. पियानो थांबला. बाई म्हणाली, मुलाखत गुरुवारी सकाळी दहा वाजता.

म्बाहनी फोन माझ्या हातात दिला. त्यांचा हात ओला होता, साबणाने नव्हे. मी प्रमाणपत्रवाला माणूस, त्या क्षणी मला इंग्रजीतला एकही शब्द आठवेना. त्यांच्या चारशे बारा शब्दांपैकी त्यांनी चाळीससुद्धा वापरले नसतील. आणि एकही उगाच ठेवलेला नव्हता.

"वहीत लिहा ना," मी म्हटलं. "'अन्टिल'. शुक्रवारपर्यंत."

"अजून काम झालं कुठे?"

गुरुवारी मिस्ना आमच्या क्लासच्या ऑफिसात बसली. मी तिला नऊ उत्तरं घोकायला दिली होती, सगळ्यांत 'डायनॅमिक' हा शब्द. बाईने पहिलाच प्रश्न विचारला, रोज सकाळी तू काय करतेस. नऊ उत्तरांत हे नव्हतं. मिस्ना वहीचा कोपरा शोधू लागली, वही नव्हतीच. मग ती इंग्रजीत म्हणाली, "सायकल मिळण्याआधी मला एक खरी गोष्ट सांगावी लागते." बाई हसली, कुठली गोष्ट म्हणाली. मिस्ना वीस मिनिटं बोलत होती. मी दाराबाहेर उभा होतो. दोनदा चुकली. दोन्ही वेळा वाक्य खरं होतं.

उत्तर पुढच्या आठवड्यात कळवू, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे शुक्रवारनंतरच.

शुक्रवारी सकाळी तिचा बाप आला. खांद्यावर पानांची विणलेली चटई, हातात सुक्या माशांची पुडी, गल्लीला लांबूनच कळलं. मिस्नाने बॅग भरून ठेवली होती आणि बापाला एक अक्षर सांगितलं नव्हतं. बाप म्हणाला, नमाज पढून निघू, मशीद लांब आहे का. म्बाह म्हणाले, सायकल घ्या. आणि पाटीकडे बोट दाखवलं.

"मला पण?" बाप म्हणाला. "मी होडीवाला माणूस."

"सगळ्यांना."

"पोरगी काय म्हणाली होती?"

म्बाहनी त्याला सोमवारचं वाक्य सांगितलं, मग मंगळवारचा फोन, मग गुरुवारची वीस मिनिटं. बाप ऐकत गेला. तरुणपणी सिंगापूरच्या धक्क्यावर दोन वर्षं काढली होती त्याने. तो मिस्नाकडे वळला. "मला का नाही बोललीस?"

"भावाची पाळी आहे, बापा."

"भावाची शाळा बुधवारी उघडते." तो पाटीसमोर उभा राहिला, धक्क्यावरचं इंग्रजी आठवत. मग म्हणाला, "आय स्टे अन्टिल मंडे."

म्बाहनी त्याला घंटेवाली सायकल दिली. मी एवढंच विचारलं की हे खरं आहे हे कशावरून. म्बाह म्हणाले, "चटई बघ की. त्याने खाली ठेवली."

दुपारी सायकल परत आली. बाप हात धुवायला नळावर गेला. म्बाहनी अंगठ्याने मागचं चाक दाबून पाहिलं, मग पुढचं. दोन्ही टणक. खोक्यावर बसून त्यांनी वही उघडली आणि 'अन्टिल' लिहिलं. पुढे मिस्नाचं नाव घातलं, त्याखाली बापाचं विचारून घेतलं. एका शब्दापुढे दोन नावं मी त्या वहीत पहिल्यांदाच बघितली.

सोमवारी सव्वातीनला सिंगापूरहून उत्तर आलं. पुढच्या महिन्यापासून या, असं. बापाने ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि चौथ्यांदा स्वतः वाचलं. म्बाहनी ओलं फडकं घेऊन पाटी पुसली.

मंगळवारी तिच्यावर 'लर्न' होतं. मी म्हणालो, "आय लर्न फ्रॉम यू." म्बाहनी माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं आज घंटेवाली मिळणार.

"शिकलास का?" ते म्हणाले. "मग त्या पत्रातलं हवामान काढून दाखव आधी."

घंटा नसलेली सायकल घेऊन मी निघालो. उतारावर तोंडाने घंटा वाजवली. म्हैस उठली नाही.