एका माणसाची सर्वसाधारण सभा

गुलालाचा वास इतकी वर्षे टिकतो, हे मला आमच्या नगरपरिषदेच्या सभागृहाने शिकवले. महिन्यातून एकदा शिपाईमामा त्या उंच दाराचे कुलूप काढत आणि पहिले पाऊल आत पडताच गालिच्यातून एक गोडसर, घशाला कोरड पाडणारी धूळ वर येई. नगराध्यक्षांच्या निवडीच्या दिवशी तो गुलाल तिथे उधळला होता. नंतर गालिचा झटकला, उन्हात घातला, एकदा तर गच्चीवर पसरून पाइपने धुतला. रंग गेला, वास मात्र धाग्यांच्या मुळाशी बसून राहिला. त्याच्यावर खुर्च्यांतील फोमचा कुबटपणा, झरोक्यात घर केलेल्या पारव्यांचा दर्प आणि फिनेल असे थर चढत गेले. तरी दार उघडले की सगळ्यांच्या आधी नाकाशी गुलालच येई.

सभा लिहिणे हे माझे काम. श्रीरामपूरला मराठी घेऊन एम. ए. केले, वृत्तांच्या मात्रा बोटांवर मोजल्या, कवितेखेरीज दुसरे काही वाचायचे नाही असा त्या वयाचा हट्टही केला. आणि मग परीक्षा देऊन जामखेडच्या अंगाच्या या कोरड्या मुलखात, एका लहानशा शहराच्या नगरपरिषदेत सभा-लिपिक झाले. विषयपत्रिका तयार करायची, ती सभेत मोठ्याने वाचायची, झालेले ठराव लिहायचे. विषयपत्रिकेतील प्रत्येक विषय ‘विचारविनिमय करून निर्णय घेणे’ या शब्दांनी संपतो. गटार असो, मोकाट कुत्री असोत, निवृत्त सफाई कामगाराचा सत्कार असो, शेवट तोच. त्या ठिकाणी माझा आवाज नकळत खाली उतरे, पालुपदावर येताना उतरतो तसा.

सदस्य होते तेव्हा ते पालुपद कुणाला ऐकू जात नसे. टेबले बडवली जात, माइक शिट्टी घाली, आणि महिला सदस्यांचे यजमान मागच्या बाकावरून आपापल्या मंडळींना खुणा करीत. एकदा पथदिव्यांवरून रण पेटले असता मागच्या रांगेतले एक वयस्क सदस्य शेजाऱ्याला शांतपणे म्हणाले होते, “तुमच्या वॉर्डात खांब तरी हाय. आमच्यात खांबाचा नुसता ठराव हाय.” सगळे सभागृह हसले, आणि भांडण तिथेच विरले. त्या गदारोळातून नेमके काय ठरले ते वेचून काढताना माझे डोके दुखे. आता वाटते, त्या आवाजाला निदान अंग होते, घामाचा आणि तंबाखूचा वास होता.

आमच्या इमारतीला लागूनच शनिवारचा बाजार भरतो. खिडकी उघडी ठेवली की पहाटेच्या दवात भिजलेल्या शेपूचा वास आधी येतो, मग ओल्या पोत्यांचा, आणि ऊन चढले की सुक्या बोंबलांचा. त्या बाजारात बसणारी एक मावशी एका शनिवारी माझ्या टेबलापुढे येऊन नुसती उभी राहिली. तिसगावच्या रस्त्यावरच्या एका वाडीहून ती पहाटेच्या टेम्पोने येई. विहिरीच्या कडेच्या तुकड्यात पिकवलेली मेथी, शेपू, हिवाळ्यात हरभऱ्याचे डहाळे घेऊन. मुलगा आणि सून दसऱ्यानंतर ऊसतोडीला जात, मग घर आणि तुकडा दोन्ही तिच्या एकटीवर. हे सगळे मला नंतर कळले. त्या दिवशी तिने पदराचे टोक दातांत धरले, आजूबाजूच्या पुरुषांकडे एकदा पाहिले आणि हळूच म्हणाली, “ताई, जरा आत जाऊ का?”

बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह होते, म्हणजे कधीकाळी होते. आधी त्याची दारे चोरीला गेली, मग भांडी फुटली, मग तिथे सडका माल टाकू लागले, आणि शेवटी कुणीतरी पुढे पत्रे ठोकून ते बंद केले. पुरुष भिंतीचा आडोसा पाहत. बायका पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत आपल्या ढिगापाशी बसून राहत, आणि बसून राहता यावे म्हणून पाणी पीत नसत. आमच्या मजल्यावरच्या कर्मचारी-स्त्रियांच्या स्वच्छतागृहाची किल्ली माझ्याकडे असे. ती मी मावशीला दिली. पुढच्या शनिवारपासून आणखी तिघी-चौघी येऊ लागल्या, एकीने दुसरीचा ढीग सांभाळायचा अशा पाळीने. एकदा राखणीची पाळी चुकली आणि मावशी वर असताना खाली गाय तिच्या मेथीत तोंड घालून उभी राहिली. मावशी खिडकीतूनच ओरडली, आणि मग स्वतःशीच हसत जिना उतरली. म्हणाली, गाईचं बरं हाय, तिला कुठंबी जाता येतं.

मग तिला जळजळ सुरू झाली, ताप येऊ लागला. काही बाजार चुकले. परत आली तेव्हा चेहरा सुजलेला होता आणि पायांवर बोट दाबले की खळगा पडत होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाचे सांगितले होते. “डॉक्टर म्हनतो, मावशे, पानी पी, लई पी,” ती म्हणाली. “म्या म्हनलं, पिते की बाबा. पर पेल्यावर जाऊ कुटं, त्ये बी लिहून दे गोळ्यांच्या संगं.” आणि आता तिचे गुडघेही तिला आमचा जिना चढू देत नव्हते. एकदा चढली की उतरायला कठड्याला बिलगून उभी राही.

एका महिला सदस्याने हा विषय सभेपुढे ठेवला. तिची आईही बाजारात बसलेली होती, म्हणून तिला तो समजावून सांगावा लागला नाही. बाजारतळावर स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नव्याने बांधणेबाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे, असे मी टंकले. पण त्या सभेचा सारा वेळ गावाच्या वेशीवरच्या कमानीने खाल्ला. कमानीवर कुणाचे नाव घालायचे, यावर दुपार कलली, चहा दोनदा आला आणि दोनदा निवला. स्वच्छतागृहाचा विषय अगदी शेवटी होता. ती सदस्या उभी राहून म्हणाली, दोन मिनिटांचं काम आहे, अध्यक्षमहोदय. कुणीतरी मागून म्हणाले, ताई, बसा आता, आमालाबी घाई लागलीय. मोठा हशा पिकला. वेळेअभावी विषय पुढील सभेत घ्यावा, असे ठरले.

पुढील सभा आली नाही. मुदत संपली, निवडणुका लांबल्या, प्रकरण वरच्या कोर्टात आहे एवढेच कानावर येई. सदस्यांच्या नावाच्या पाट्या काढून कपाटात ठेवल्या गेल्या. आणि एके दिवशी प्रशासक म्हणून एक साहेब जीपमधून उतरले. त्यांच्याकडे मूळच्या कार्यालयाखेरीज आणखी एका गावाचाही कारभार होता.

नियमाप्रमाणे सर्वसाधारण सभा व्हायलाच हवी. शिपाईमामा आदल्या दिवशी सभागृह उघडत आणि सवयीने सगळ्या खुर्च्या पुसत. साहेब आले, बसले, की ते दाराशी जाऊन मला खालच्या आवाजात सांगत, “मॅडम, कोरम झाला. साहेब बसले.” मी विषय वाचायची, साहेब मान हलवायचे, मी ठराव लिहायची. पूर्वी माणसांचे कपडे, त्यांची अंगे, त्यांची कुजबुज माझा आवाज पिऊन टाकत. आता प्रत्येक विषय समोरच्या भिंतीवर जाऊन परत येई आणि माझाच ‘निर्णय घेणे’ क्षणभर उशिरा मला ऐकू येई, कुणी दुसरी बाई मागून वाचत असावी तसा. पहिला ठराव लिहिताना मी अडले. संगणकातल्या जुन्या नमुन्यात ‘सर्वानुमते मंजूर’ असे होते. मी विचारले, सर, हा शब्द ठेवू का. साहेबांनी भ्रमणध्वनीतून डोके वर न काढता सांगितले की नमुना आहे तसाच राहू द्यावा, लेखापरीक्षणाला तसाच लागतो.

ते वाईट माणूस नव्हते. कुणावर आवाज चढवला नाही, कुणाचा चहाही फुकट प्याले नाहीत. बायकांच्या स्वच्छतागृहाचा विषय मी दर सभेला पुन्हा पत्रिकेवर घेत होते. ते दर वेळी तो वाचून होईपर्यंत थांबत आणि म्हणत, हे धोरणात्मक आहे, निवडून आलेली बॉडी येऊ द्या. मावशी दर शनिवारी खाली निकालाची वाट पाहत असे. तिला वाटे, वर मंडळी बसतात, भांडतात, एक ना एक दिवस आपल्या नावाने भांडतील.

त्या विषयाची शेवटची सभा नेमकी शनिवारीच आली. खिडकी बंद होती तरी शेपूचा वास फटीतून आत येत होता. पत्रिकेवर वरून आलेला एक तातडीचा विषय होता, बाजारतळाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात व्यापारी गाळे बांधण्याचा. निधी मार्चअखेर परत जाईल, असे साहेबांनी स्वतःहून सांगितले. मी वाचले. त्यांनी मान हलवली. मी लिहिले. पूर्वेचा कोपरा म्हणजे पत्रे ठोकलेली तीच जागा, हे मला वाचतानाच कळले होते.

नंतरचा विषय स्वच्छतागृहाचा. तो वाचून झाला आणि माझा आवाज भिंतीवरून परत आला, तेव्हा साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “जागा कोणती म्हणालात?”

“तीच, सर. आता गाळ्यांना दिली ती.”

पंखा एका फेरीत एकदा कुरकुरत होता. मग त्यांनी अगदी सरळपणे, जणू मला मदत करण्यासाठी विचारले, “मग हा विषय राहतो कुठे, मॅडम?”

सभा-लिपिकाने सभेत विषयपत्रिकेखेरीज बोलायचे नसते. मी बोलले. पाणी न पिणाऱ्या बायकांबद्दल सांगितले, सुजलेल्या पायांबद्दल, जिन्याबद्दल. दुसरा कोपरा आहे, पंपहाउसच्या मागे, तोही सांगितला. साहेबांनी ऐकले, खरेच ऐकले, हे मला त्यांच्या हाताच्या थांबलेल्या बोटांवरून कळत होते. म्हणाले, “मला कळतं हो. पण मी इथं कायमचा नाही. उद्या बॉडी आली की विचारेल, कुणाच्या अधिकारात केलं.”

“गाळे केलेत ना, सर.”

शिपाईमामांनी दाराशी मान खाली घातली. साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. गाळ्यांना वरून मंजुरी आहे, म्हणाले. जागेअभावी विषय दप्तरी दाखल करावा, असे त्यांनी मला लिहून घ्यायला सांगितले. दप्तरी दाखल म्हणजे विषय संपला, पुन्हा पत्रिकेवर येणार नाही. ठरावाखाली नमुन्याप्रमाणे ‘सर्वानुमते’ हा शब्द आपोआप येऊन बसला. त्यांनी सही केली, जीप सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मी कागद घेऊन जिना उतरले.

मावशी कोपऱ्यात आपल्या पोत्यावर बसली होती. ऊन डोक्यावर आले होते. समोर मेथीच्या चार-पाच जुड्या उरल्या होत्या आणि त्यांवर ती हातानेच पाणी शिंपडत होती. शेजारी पाण्याची बाटली होती, तिच्यातले पाणी भाजीसाठी. तिचे ओठ पांढरे, भेगाळलेले दिसत होते. मी तिच्यापुढे उकिडवी बसले.

“झाली का मीटिंग?” तिने विचारले. “आज मोटारी न्हाई दिसल्या कुनाच्या.”

मी तिला गाळ्यांचे सांगितले. आपला विषय बंद झाला, पुन्हा निघणार नाही, हेही सांगितले. ते लपवून काही उपयोग नव्हता. ती रागावली नाही. जुडीतली एक पिवळी पडलेली काडी तिने काढून टाकली, बाकीची नीट बांधली, आणि पूर्वेच्या कोपऱ्याकडे पाहिले. तिथे पत्र्याला टेकून कुणी टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटचा ढीग लावत होते.

“म्हंजी ठरलं त्यांचं,” ती म्हणाली.

मी कितीतरी वेळ वर त्याच भाषेत बसले होते, जीभ अजून त्याच वळणावर होती. “हो मावशी,” मी म्हणाले. “सभेनं सर्वानुमते ठरवलं.”

तिने ओला हात लुगड्याला पुसला आणि माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत टोमणा नव्हता. एखाद्या गिऱ्हाइकाने अनोळखी वाडीचे नाव सांगावे आणि तिने ती कुठे ते विचारावे, तसे तिने विचारले,

“कुनी?”