बिनछापाच्या गोण्या

शेवगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव संपला की थप्प्यांमधून एक माणूस वाकून चालताना दिसतो. डाव्या हातात पत्र्याचा छाप, उजव्या हातात निळ्या रंगात बुडवलेला कुंचला. ज्या व्यापाऱ्याने माल घेतला त्याचा छाप तो गोणीवर मारतो आणि पुढच्या गोणीकडे जातो. त्याच्या मागून हमाल येतात. ते पावती वाचत नाहीत, कांदा कुणाचा हे विचारत नाहीत. छाप बघतात आणि त्या छापाच्या गाडीत गोणी टाकतात.

छाप मारणाऱ्या या माणसाचे नाव बन्सी. वय चौतीस, पण पाठमोरा पन्नाशीचा वाटतो. मागून येणाऱ्या हमालांत त्याचा धाकटा भाऊ सुनीलही असतो.

मी नगरला सावेडीतल्या एका रक्त तपासणी केंद्रात नमुने घेतो. बन्सीची माझी ओळख त्याच्या मुलीमुळे झाली. ज्ञानेश्वरी साडेचार वर्षांची आहे आणि दीड वर्षाच्या मुलीएवढी दिसते. हाताची बोटे आत वळलेली आहेत, ती सरळ होत नाहीत. हिरड्या इतक्या जाड की दात बुडून गेलेत. श्वास घेताना छातीत घरघर वाजते. पुण्याच्या डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या होत्या. पुण्याची एक फेरी वाचावी म्हणून बन्सी आणि त्याची बायको ज्योती तिला आमच्याकडे घेऊन आले होते. पहाटेची एसटी पकडून, तिसगावमार्गे.

शीर सापडत नव्हती. बन्सीने मुलीचा दंड धरला होता.

"डॉक्टर, दोनदा टोचा, तिसऱ्यांदा नको," तो म्हणाला.

"मी डॉक्टर नाही."

"पांढरा कोट हाय ना, बास. तिसऱ्यांदा टोचलं की ती रडत न्हाई, नुसती बघती. ते आमच्यानं सहन हुत न्हाई."

दुसऱ्या वेळी शीर सापडली.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. मी नवा होतो, काम झटपट करावे असे वाटायचे. अहवालाचा फोटो बन्सीला व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि खाली लिहिले, "रिपोर्ट आला. सगळी एन्झाइम्स खूप वाढलेली आहेत. डॉक्टरांना दाखवा." एवढेच. पुण्याची तारीख अजून दीड महिना लांब होती. मधल्या दीड महिन्यात माझ्या त्या एका ओळीचे काय होईल, याचा विचार मी केला नाही.

तीन आठवड्यांनी बन्सीचा फोन आला. आवाज थकलेलाच, पण त्यात थोडी तरतरी होती. "डॉक्टर, सुनीलच्या लग्नाची सुपारी ठरली. या रविवारच्या पुढच्या रविवारी. तुमच्या रिपोर्टामुळं झालं बघा सगळं."

"माझ्या?"

मग कळले ते असे. बन्सीने लग्न केले ते मामाच्या मुलीशी. ज्योतीचे वडील रंगनाथमामा म्हणजे बन्सीच्या आईचे, गोजरबाईंचे सख्खे भाऊ. त्यांच्याकडे ही रीतच आहे, बहिणीच्या मुलाचा मामाच्या मुलीवर पहिला हक्क. ज्योतीची धाकटी बहीण पूजा सुनीलसाठी लहानपणापासून धरलेली. पण पुण्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारले होते, नात्यात लग्न आहे का? शरीरात काही एन्झाइम कमी असतील, असेही ते बोलले होते. तेव्हापासून दुसरे लग्न अडकून पडले होते. आणि आता माझा अहवाल आला. प्रत्येक आकड्यापुढे वर गेलेला बाण. काही आकडे बारा पट, चौदा पट. गोजरबाईंनी गल्लीत सांगितले, माझ्या नातीच्या रक्तात काही कमी नाही, उलट चौदापट आहे. रंगनाथमामांनी ब्राह्मणाकडून दिवस काढून आणला.

 त्याच आठवड्यात, मुलीच्या त्याच रक्तातून केलेल्या जनुकांच्या तपासणीचाही अहवाल आला. पुण्याच्या डॉक्टरांना मी फोन केला. त्यांनी आजाराचे नाव सांगितले, आणि सुनील-पूजाच्या तपासणीची चिठ्ठीही लगेच पाठवून दिली. हे सगळे फोनवर सांगण्यासारखे नव्हते. मी शेवगावची एसटी धरली.

लिलावाचा दिवस होता. बन्सी थप्प्यांत होता. मी आल्याचे बघून हसला, पण काम थांबवले नाही. मी त्याच्या मागे चालत सांगत राहिलो.

आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत कचरा जिरवणाऱ्या बारीक पिशव्या असतात. कचरा जिरवणारी एन्झाइम्स पेशीतच, पण दुसऱ्या जागी तयार होतात. ती पिशवीपर्यंत न्यावी लागतात. नेणारे एक प्रथिन असते. त्याला रिसेप्टर म्हणतात, मॅनोज सिक्स फॉस्फेट रिसेप्टर. हा रिसेप्टर एन्झाइमला ओळखत नाही. एन्झाइमवर साखरेची एक खूण लावलेली असते, ती ओळखतो. खूण दिसली की धरतो, पिशवीच्या दिशेने नेऊन सोडतो आणि रिकामा परत येतो. जन्मभर त्याची हीच ये-जा.

"हमाल हाय म्हना की," बन्सी म्हणाला.

"हमालच."

त्याने दोन गोण्यांवर छाप मारला. मग कुंचला डब्यात ठेवून कंबर सरळ केली. मी विचारले, "छाप मारायचा राहिला तर त्या गोणीचं काय होतं?"

"कुनी उचलत न्हाई. थप्पी हलवायची घाई असती, मग सरकवत सरकवत गेटाबाहेर जाती. मागच्या महिन्यात तीस गोण्या अशाच पडल्या हुत्या. रस्त्यानं जानारा म्हनायचा, काय माल आलाय ह्या वर्षी..."

तो मधेच थांबला. माझ्याकडे बघत राहिला. पुढचे मला सांगावे लागले नाही.

"म्हंजे बाहेर पडलाय म्हनून चौदापट दिसतोय," तो म्हणाला.

"हो. तो पेशीतून बाहेर सांडून रक्तात आलाय."

"आन् आत?"

"आत पिशव्या रिकाम्या. कचरा साठत चाललाय. म्हणून बोटं, हिरड्या, छाती."

"हमालाची चूक हाय का?"

"नाही. तिचा हमाल तुमच्या-माझ्याएवढाच चांगला आहे. हात रिकामे घेऊन उभा आहे. खूण लावणारा कामाचा नाही."

बन्सीने हातातल्या पत्र्याकडे पाहिले. मग एकदम म्हणाला, "हमाल चांगला हाय म्हनता. मग बाहेरनं छापाचा माल आनला तर उचलंल का? राहुरीकडं एका पोराला दर आठवड्याला सुई देत्यात. मोबाईलवर बघितलंय मी. आमच्या पोरीसारखंच तोंड हाय त्याचं."

हा प्रश्न मी पुस्तकात वाचला होता, पण इतक्या सरळ कुणी विचारलेला ऐकला नव्हता. "उचलेल," मी म्हणालो, आणि त्याच्या डोळ्यांत जे आले ते बघून मला पुढचे बोलणे अवघड झाले. "पण त्या मुलाच्या पिशवीत एकाच जातीचा माल कमी आहे. तो सुईतून मिळतो. ज्ञानेश्वरीच्या पन्नासेक जातींवर खूण नाही. तेवढ्या सुया कुठंच निघालेल्या नाहीत."

तो गोणीवर बसला. पलीकडे सुनील दोन गोण्यांत एक लोखंडी आकडा अडकवून कुणाला तरी शिव्या घालत हसत होता.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "मी नुसतं वाढलंय असं लिहिलं."

"खोटं काय लिवलं न्हाई तुमी. आमी बाजारातली मानसं. बाण वर गेला की आमाला बरंच वाटतं." मग त्याने विचारले, "सुनीलचं काय?"

मी सांगितले. खूण लावणारा घडवण्याची कृती, म्हणजे त्याचे जनुक, आपल्याजवळ दोन प्रतींत असते, एक आईकडून, एक वडिलांकडून. बन्सी आणि ज्योती, दोघांचीही एकेक प्रत बिघडलेली आहे. एक चांगली असली की माणसाला काही होत नाही, कळतही नाही. मुलीला दोघांकडूनही बिघडलेलीच आली. एकाच घरातून ती गोजरबाईंकडे आली असणार आणि रंगनाथमामांकडेही. सुनीलकडे असू शकते, पूजाकडे असू शकते. दोघांकडेही निघाली तर त्यांचे प्रत्येक मूल असेच होण्याची चारात एक शक्यता. दोघांपैकी एकाकडे जरी नसली तरी भीती नाही. रक्त बघितल्याशिवाय कळणार नाही.

"म्हंजे सुपारीच्या आधी त्यांचं रक्त मागायचं," बन्सी म्हणाला. "मामाला म्हनायचं, तुमच्या रक्तात काय हाय ते बघू. आईला म्हनायचं, तुझ्या माहेरात." तो हसला, पण ते हसणे नुसते ओठांचे होते. "चार वर्षं झाली, डॉक्टर. दर आठवड्याला कुनीतरी काहीतरी सांगतं आन् मी घरी जाऊन ज्योतीला सांगतो. आता हे पन मीच सांगायचं."

गेटावर मला सोडायला आला तेव्हा म्हणाला, "रविवारी तुमी या. बाटल्या घेऊन या. कोट घालून या."

मामांचे घर पाथर्डी रस्त्यावर, गावाच्या कडेला. अंगणात मांडव नव्हता, पण सतरंज्या टाकल्या होत्या. पंधरा-वीस माणसे होती. मी कोट पिशवीतच ठेवला. रंगनाथमामा धोतरावर नवा सदरा घालून बसले होते. मला बघून म्हणाले, "हे पाव्हणे कोण?"

"नगरचे हायत," बन्सी म्हणाला. "रक्त काढत्यात."

"सुपारीला हलवाई आणत्यात, फोटोवाला आणत्यात. रक्तवाला कुठं असतो रे बन्सी?" मामा म्हणाले, आणि सगळे हसले. सुनीलही हसला.

बन्सी हसला नाही. तो उभा राहिला, आणि बाजारात बोलतो तसेच सांगू लागला. छाप, हमाल, गेटाबाहेर पडलेला माल. चौदापट म्हणजे काय. तो मध्ये अडखळला तेव्हा मी बोलायला तोंड उघडले, त्याने हाताने थांबवले. "सुपारी मोडा म्हनत न्हाई मी," तो म्हणाला. "तीन आठवडे थांबा. दोघांचं रक्त बघू. चांगलं निघालं तर मीच हळद दळीन."

गोजरबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "तुझ्या पोरीचं दुखणं माझ्या माहेरावर घालतोस व्हय?" त्या म्हणाल्या. "इतकी वरसं ह्या घरानं लेकरं दिली, एक तरी वाकडं निघालं का?"

"आत्या," ज्योती म्हणाली. ती सासूला लहानपणापासून आत्याच म्हणते. ज्ञानेश्वरी तिच्या कडेवर होती. "आत्या, माझ्या कडेवर कोण हाय?"

 मुलीच्या छातीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

पूजा आतून आली. हिरवी साडी नेसलेली, कपाळाला कुंकू. तिने माझ्यासमोर बसून बाही वर केली. "माझं घ्या आधी," ती म्हणाली. रंगनाथमामांनी तिला अडवले नाही. ते उठले, चपला घातल्या आणि रस्त्याकडे निघून गेले. सुनीलने रक्त दिले, पण पूर्ण वेळ भावाकडे पाठ करून बसला. सुपारी फुटली नाही. शिजवलेले जेवण तसेच टोपल्यांत राहिले.

तीन आठवड्यांनी अहवाल आले. या वेळी मी ओळ लिहिली नाही, स्वतः घेऊन गेलो. सुनीलकडे एक प्रत बिघडलेली होती. पूजाकडे दोन्ही चांगल्या. लग्न करायला काहीच हरकत नव्हती.

बन्सी तो कागद घेऊन मामांकडे एकटाच गेला. परत येऊन त्याने मला फोन केला. मामांनी कागद हातात घेतला नाही. म्हणाले, "ज्या घरानं माझ्या पोरीला भर अंगणात बाही वर करायला लावली, त्या घरात ती नांदायला जायची न्हाई. तुझं खरं असंल बन्सी. पण माझं झालं."

जूनच्या आधी पूजाचे लग्न झाले, नेवाशाकडे, नात्याबाहेरच्या घरात. ज्योतीला लग्नाला बोलावले, बन्सीला नाही. गोजरबाई भावाकडे राखीलाही गेल्या नाहीत, आणि घरात बन्सीला जेवायला वाढत, पण ताट सरकवून. सुनील भावाशी बोलेनासा झाला. त्याचे म्हणणे एकच होते, रिपोर्ट चांगला आला ना? मग कशाला केलंस?

मी एकदा बन्सीला विचारले, पस्तावा होतो का? तो ज्ञानेश्वरीच्या बोटांना कोमट तेल चोळत होता. रोज सकाळी कामावर जाण्याआधी चोळतो. बोटे सरळ होत नाहीत, हे त्याला माहीत आहे.

"न बघता चांगलं हाय का वाईट, हे कळलं असतं का?" तो म्हणाला. "थकलोय फक्त. दुसरं काय न्हाई."

मागच्या महिन्यात मी पुन्हा बाजार समितीत गेलो. बन्सी थप्पीतून वाकून चालत होता, मागून सुनील गोण्या उचलत होता. सहा महिने दोघांनी असेच काढले होते, न बोलता. कामाला बोलावे लागत नाही. एक छाप मारतो, दुसरा छाप बघून उचलतो.

थप्पीच्या शेवटी सुनील थांबला. मागे वळून एका गोणीवर हात ठेवून उभा राहिला. बन्सी चार गोण्या पुढे गेला होता.

"दादा," सुनीलने हाक मारली. "हिच्यावर राहिलाय."

बन्सी मागे आला. पत्रा ठेवला, कुंचला फिरवला. सुनीलने ओल्या छापावर बोट लागू न देता गोणी पाठीवर घेतली आणि गाडीकडे गेला.