कात्रणांचा पट

मी माझ्याच जोडीदाराची सोंगटी मारली. वर ‘घ्या, मेली!’ म्हणून मांडीवर थापही मारून घेतली.

चौघांच्या डावात समोरासमोर बसलेले दोघं जोडीदार असतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पिवळ्या सोंगट्या माझ्या, काळ्या समोरच्या चाचांच्या, आणि लाल-हिरव्या बायकांच्या. जोडीदाराची सोंगटी मारायची नसते, तिच्या शेजारी जाऊन बसायचं असतं. पण पंचवीसचं दान पडलं की माझी अक्कल घर सोडून जाते. मी घरं मोजत सुटलो, जिथं थांबलो तिथं चाचांची काळी सोंगटी उभी होती, आणि ती मी उचलून पटाबाहेर ठेवली. बिचारी घराच्या दारात आली होती.

आमची ही पदर तोंडाला लावून हसायला लागली. चाचांची थोरली बहीण, आपा, हसली नाही. तिनं विचारलं, “शेठ, कापड बी असंच मोजता का?”

चाचांनी टोपीत खोवलेली सुई काढली, बघितली, परत खोवली. विचार करायचा असला की ते एवढंच करायचे. मग म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. फिरून येईल की ती. म्या थांबतो. घाई कुनाला हाय?”

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अणदूरच्या बाजारात माझं कापडाचं दुकान होतं आणि दुकानाच्या ओट्यावर चाचांची शिवणाची मशीन. माझ्याकडं कापड फाडलं की गिऱ्हाईक दोन पावलांवर चाचांकडं माप द्यायला बसायचं. माप द्यायला मोहरममध्ये बसलेलं गिऱ्हाईक कपडा न्यायला दिवाळीत यायचं. जळकोटचा एक नवरदेव तर एका बाहीच्या अंगरख्यात बोहल्यावर चढायला निघाला होता. दुसरी बाही चाचांनी मांडवात त्याच्या शेजारी बसून जोडली. भटजी मंगलाष्टकांसाठी खोळंबलेले, सासरा लालेलाल झालेला, आणि चाचा दातानं दोरा तोडत म्हणतायत, “लगीन काय पळून चाललंय व्हय? घाई कुनाला हाय?”

“मला हाय!” नवरदेव ओरडला, आणि सारा मांडव हसला.

पुढं लढाईच्या दिवसांत कापड मिळेनासं झालं. कंट्रोलचं जे यायचं ते येताच संपायचं. मी रिकाम्या फळ्यांवरची धूळ झटकत बसायचो आणि चाचा रिकाम्या मशीनला तेल द्यायचे. अशात एका शुक्रवारी नमाज पढून आले ते काखेत एक गुंडाळी घेऊन. ओट्यावर उलगडली तर सोंगट्यांचा चौपट! चार पट्ट्यांचा, मधे चौकोनी घर असलेला, वीतभर रुंद झालरीचा, आणि सगळा कात्रणांचा. तुम्ही पाहिला असतात तर तुम्हीही माझ्यासारखंच आधी आपलं कापड शोधलं असतंत. गुरवाच्या धोतराचा काठ सापडला. पाटलांच्या रेशमी कुडत्याचा तुकडा सापडला; पाटलांच्या पाठीवर उभं राहायची सोय गावात तेवढ्या एका घरात झाली. मधलं घर आपाच्या लग्नातल्या ओढणीचं होतं.

आणि जिथं सोंगटी मारता येत नाही ती फुलीची घरं निळ्या साटिनची होती.

“चाचा, हे माझ्या लग्नाच्या कोटाचं अस्तर आहे.”

“व्हय.”

“अस्तर पुरलं नाही म्हणून तुम्ही डावी बाजू तशीच सोडली होती.”

“डावी बाजू कोन बघतंय, शेठ? हितं बघा कसं झळकतंय.”

सोंगट्या दोऱ्याच्या लाकडी रिळांच्या होत्या, रंगीत दोरा गुंडाळलेल्या. कवड्या आपानं ट्रंकेतून काढल्या. त्या दिवसापासून दर शुक्रवारी दुपारी दुकानामागच्या पडवीत डाव पडू लागला. एका बाजूला चाचा आणि मी, दुसऱ्या बाजूला आपा आणि आमची ही. पैजबिज काही नाही. हरेल त्यानं चहा करायचा, म्हणजे चहा कायम मी केला. माझा चहा पिऊन आपा म्हणायची, “ह्यापरीस हरलेलं बरं व्हतं.”

आम्ही हरायचो ते माझ्यामुळंच. या खेळात एक रीत आहे. दोन्ही जोडीदार घरात पोचले तरच जोडी जिंकते. एकट्याच्या साऱ्या सोंगट्या आत गेल्या की त्याला दान टाकता येत नाही, आणि मागं राहिलेला जोडीदार दोन दुश्मनांच्या तावडीत सापडतो. म्हणून शहाणा गडी आपली शेवटची सोंगटी दारातून माघारी वळवतो, पुन्हा सगळ्या पटाला वेढा घालतो आणि मागच्याला सोबत करत आणतो.

चाचांना घराची ओढच नव्हती. सोंगटी दारात आली की ते माझ्या मागं रेंगाळणाऱ्या पिवळीकडं बघायचे आणि म्हणायचे, “या तुम्ही आरामात. म्या थांबतो.” मग त्यांची काळी फेरी घालायची, आणि बहुतेक वेळा माझ्यापायी मरायची. मी मात्र घर दिसलं की आत. आत जाऊन हाश्शहुश्श करायचो, आणि मग लक्षात यायचं की चाचा एकटेच बाहेर आहेत.

“पुढल्या खेपेला थांबेन, चाचा.”

“थांबा की. घाई कुनाला हाय?”

मग अठ्ठेचाळीस साल आलं. रझाकारांची गडबड वाढत गेली. आज एका गावची बातमी, उद्या दुसऱ्या. पेठेतली घरं एकेक करून हद्दीपलीकडं सोलापूरला निघाली. माझीही गाडी जुंपली. बाडबिस्तरा भरायला चाचाच पुढं होते. पडवीत अर्धा डाव तसाच मांडलेला होता. मी दुकानाची चावी हातात घेऊन घुटमळत होतो.

“द्या हिकडं,” चाचा म्हणाले. “वैनीला, लेकरास्नी घेऊन जावा तुम्ही. दुकानावर म्या थांबतो.”

आणि मी गेलो. घर दिसलं, आत.

भादव्यात सोलापूरच्या बाजूनं फौज शिरली आणि बघता बघता निजामाचं राज्य संपलं. सोलापुरात पेढे वाटले, मीही खाल्ले. मग ज्या बातम्या यायला लागल्या त्या पेढे खाण्यासारख्या नव्हत्या. रझाकार पळून गेले होते, आणि त्यांच्यावरचा राग लोक सापडेल त्या दाढीवर काढत होते.

चाचांना दाढी होती.

बायको माझ्यापुढं येऊन उभी राहिली. “कवाधरनं घरात जाऊन बसलात,” ती म्हणाली. “आता फिरा की माघारी.”

मी फिरलो. गावात शिरलो तर ओटा रिकामा, मशीन नाही, दुकानाला बाहेरून कुलूप. चाचांच्या घराचं दार सताड उघडं आणि आत कोंबडीसुद्धा नाही. खंडोबाच्या देवळापाशी गुरव भेटला. “शेठ, बसा, पानी प्या. मी काय म्हंतो...” एवढं तो म्हणाला. मी म्हटलं, “पाणी कसलं पाजतोस! चाचा कुठायत?” आणि तो तोंड उघडेपर्यंत नळदुर्गच्या वाटेला लागलोसुद्धा. नळदुर्गात कुणाला माहीत नव्हतं. जळकोटला चाचांचे पाव्हणे, तेही आधीच हैदराबादेकडं गेलेले. तुळजापूर झालं. ज्याला विचारावं तो एकतर मान खाली घालायचा, नाहीतर मला मूर्खात काढायचा.

सगळा पट फिरून मी परत आपल्या दुकानाच्या ओट्यावर येऊन बसलो. पायात गोळे आले होते. मशीनच्या चार पायांच्या खुणा तेवढ्या दगडावर दिसत होत्या. मी भर बाजारात धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होतो, तेवढ्यात माझ्या पाठीमागं, कुलूपबंद दुकानात, कवड्या खुळखुळल्या.

आणि आपाचा दबका आवाज आला, “दहा!”

गुरव कमरेची चावी काढत धावत आला. “तवाच सांगत व्हतो,” तो धापा टाकत म्हणाला. “पर तुमी मानसाला बोलू द्याल तर शपथ!” पळापळ सुरू झाली तसं त्यानं दोघा भावंडांना मशीनसकट माझ्या दुकानात घातलं होतं आणि बाहेरून कुलूप ठोकलं होतं. सोलापूरला गेलेल्या शेठचं बंद दुकान; तिथं कोण कशाला बघणार? दुसऱ्या कुणी बघितलं नाही, ते ठीक. पण मीही बघितलं नाही.

आत रिकाम्या फळ्यांच्या मधे पट पसरलेला होता. चाचा वाळले होते.

“आलात?” ते म्हणाले. “बसा. तुमच्या सोंगट्या बी म्याच खेळलो. पैल्यांदा जिंकलो आपन.”

जळकोटच्या पाव्हण्यांचे हैदराबादेहून निरोपांवर निरोप यायचे, इकडं या म्हणून. प्रत्येक निरोप आला की मी चाचांच्या टोपीकडं बघायचो. चाचा टोपीतली सुई काढायचे, बघायचे, परत खोवायचे. शेवटी एका शुक्रवारी मशीन उचलून त्यांनी पुन्हा ओट्यावर मांडली, बरोबर त्या चार खुणांवर. त्यांनी त्यांचं वाक्य म्हटलं नाही. आपानं मला चहा टाकायला सांगितलं.

त्यानंतरच्या एका हिवाळ्यात ते गेले. खोकल्याचं निमित्त झालं. पाटलांचा कोट शिवायचा राहिला होता, आणि पाटील, कधी नव्हे ते, काही बोलले नाहीत.

त्यांचा चाळिसावा दिवस झाल्यावरच्या शुक्रवारी आपा काखेत गुंडाळी घेऊन पडवीत आली. पट अंथरला. समोरची जागा रिकामी ठेवून काळ्या सोंगट्या मांडल्या आणि म्हणाली, “त्याचं दान बी तुम्हीच टाका.”

मी मनाशी ठरवूनच बसलो होतो. माझी शेवटची पिवळी सोंगटी निळ्या साटिनवरून दारात आली. चाचांची एक काळी अजून मागं, पाटलांच्या कुडत्यावर एकटी उभी होती. मी आत गेलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा दारातून वळलो आणि पुन्हा वेढा घालायला निघालो. आमच्या हिनं माझ्याकडं बघितलं आणि डोळ्याला पदर लावला. मी कवड्या टाकल्या. पंचवीस!

मी मोजत सुटलो, थांबलो, तिथली सोंगटी उचलून पटाबाहेर ठेवली आणि मांडीवर थाप मारली.

बाहेर पडलेल्या काळ्या रिळाकडं आपानं पाहिलं, मग माझ्याकडं.

“शेठ,” ती म्हणाली, “मेल्यावर तरी सोडा की त्याला!”