आरोंद्याच्या खाडीतला कुकारो

हॉस्टेलवर कुणी भुताखेताची गोष्ट काढली, की मी प्रश्न विचारून विचारून सांगणाऱ्याला हैराण करतो. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो... पण आपण ऐकलेलं नाकारायचं, तेही मला जमत नाही.

आरोंद्याच्या खाडीकाठी एक सरकारी बंगला आहे. पलीकडे पोर्तुगीजांचा गोवा. गेल्या मार्गशीर्षात आमचे प्राणिशास्त्राचे सर पक्षी पाहायला तिथे उतरले. मी त्याच गावचा, म्हणून सोबतीला मला घेतलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच.

बाबा त्या खाडीत होडी चालवत. आमच्याकडे लांबच्या माणसाला नावाने हाक मारत नाहीत, ‘कू’ असा सूर लावतात. तो कुकारो. प्रत्येक घराचा निराळा. बाबांचा म्हणजे दोन आखूड आणि एक लांब, शेवटी फाटणारा. काठावरून मी ओ दिली, की ते नुसतं ‘हू’ म्हणत. म्हणजे ऐकलं, थांब, येतो. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता फक्त कुजबुज.

त्या दिवशी ऊन चांगलं वर आलं होतं. ओहोटी होती. सर दुर्बिणीतून खंड्या बघत होते. खानसामा भिकाजी चहा घेऊन आला आणि समोरच्या कांदळवनातून कुकारो आला. दोन आखूड, एक लांब... फाटलेला.

भिकाजीने कप खालीच ठेवला. “वासू, ओ दिव नको रे! देवचार आसा तो. हाक मारून नेता.”

बाबांचा कुकारो, आणि भुताच्या भीतीने ओ द्यायची नाही? मी ओ दिली. चांगली जोरात.

कांदळातून आलं — “हू.”

“भृंगराज!” सर आनंदाने म्हणाले. हा काळा कोतवाल पक्षी दुसऱ्यांचे आवाज हुबेहूब काढतो, हे मलाही ठाऊक होतं. मी गुडघाभर चिखलात शिरलो. झाड न् झाड पाहिलं. सर काठावरून दुर्बीण लावून होते. एक पाखरू उडालं नाही. होडीला पाणी नव्हतं. चिखलात पावलं होती ती माझीच.

संध्याकाळी सर म्हणाले, “भृंगराजाने माणसाची हाक उचलली यावर टिपण लिहितो. तुझंही नाव घालू. छापलेलं नाव पुढे एम. एस्सी.ला उपयोगी पडेल.”

“पण सर, पक्षी दिसला नाही...”

“मग काय, देवचार लिहू?”

खरं सांगतो, नाव छापून यावं असं मला फार वाटत होतं.

घरी बाबांना सगळं सांगितलं. ते भडकले. कुजबुजत भडकलेला माणूस मी प्रथमच पाहिला.

“भिकाजी माझ्या आवाजाक देवचार म्हणता? येऊ दे त्याका! आणि तुझे सर तो पाखराक देऊन मोकळे. माझो आवाज तो. देवचो होतो तर आधी माका इचारूक होया होता!”

मग हळूच विचारलं, “लांब सूर... फाटलो?”

“फाटलो, बाबा.”

“मगे माझोच.”

दुसऱ्या दिवशी सरांना म्हटलं, “माझं नाव नको.” ते रागावले नाहीत, पण दुखावले. “अरे, मग तुझं म्हणणं तरी काय?”

“आवाज माझ्या बाबांचा होता. ते त्या वेळी घरी जाळं विणत बसले होते. आवाज कुठून आला, मला माहीत नाही.”

“हे कोण छापणार?”

तेही मला माहीत नव्हतं. भिकाजी अजून म्हणतो देवचार, सर म्हणतात भृंगराज. दोघांनी मिळून मला वेडा ठरवलं तरी चालेल. मी पक्षी पाहिला नाही, देवचारही पाहिला नाही, आणि न पाहिलेल्याच्या नावावर तो आवाज लिहून देणार नाही.

आणि हो, हे बाबांना विचारून पाठवतो आहे.